आभाळावरचे प्रयोग : पैसा कुणाचा, हिशेब कुणाला?

(दिल्ली येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात महाराष्ट्रातील रेल्वे व टपाल कामगार प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

आपल्या विषयपत्रिकेवर आठवा वेतन आयोग आहे, पेन्शनचा प्रश्न आहे, चार श्रमसंहिता आहेत, रिक्त पदे आणि कंत्राटीकरण आहे. या रांगेत ‘हवामान बदलावरचे अपारंपरिक उपाय आणि त्यांच्या संशोधनाला मिळणारा देणगीचा पैसा’ हा विषय कुठून आला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटले असेल. वाटणे साहजिक आहे. म्हणून सुरुवात एका तारखेने करू.

२८ ऑक्टोबर २०२५. या दिवशी दिल्लीत दोन गोष्टी घडल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली. ही बातमी आपण सर्वांनी वाचली, एकमेकांना फोन करून सांगितली. त्याच दिवशी कानपूर आयआयटीच्या प्रयोगातील एका छोट्या सेसना विमानाने दिल्लीवर फेऱ्या मारल्या आणि बुराडी, करोल बाग, मयूर विहार या भागांवरच्या ढगांत मीठ व सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडले. पाऊस पाडून हवेतली घाण खाली बसवावी, हा हेतू. ही बातमी आपण गंमत म्हणून वाचली आणि पान उलटले.

पहिल्या निर्णयाचा संबंध आपल्या पगाराशी आहे, दुसऱ्याचा आपल्या छातीशी. करोल बागेत दारोदार टपाल वाटणारा पोस्टमन त्याच आभाळाखाली फिरतो. दिल्लीतून निघणाऱ्या प्रत्येक मार्गावर हातात पाना आणि हातोडा घेऊन चालणारा ट्रॅकमन त्याच हवेत श्वास घेतो. साहेबाच्या खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र बसवता येते, रुळाच्या कडेला ते बसवता येत नाही. प्रदूषण फार वाढले की कार्यालयांना निम्म्या माणसांना घरून काम करू देण्याची मुभा मिळते. रूळ घरी नेता येत नाहीत आणि टपालाची थैली घरी बसून वाटता येत नाही. उघड्यावर काम करणारा कामगार हा या विषयातला पहिला पक्षकार आहे. म्हणून हा विषय आपल्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.

प्रयोगात काय झाले?

दिल्ली सरकारने मे २०२५ मध्ये अशा पाच प्रयोगांसाठी ३ कोटी २१ लाख रुपये मंजूर केले होते. २८ ऑक्टोबरच्या प्रयोगानंतर दिल्लीत पाऊस पडला नाही. नोएडा व ग्रेटर नोएडाच्या बाजूला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी नोंद झाली. अंगणात सडा घातला तरी याहून जास्त ओल होते. ढगांत पुरेसा ओलावा नव्हता, असे आयआयटीने सांगितले आणि दुसऱ्या दिवशीचा ठरलेला प्रयोग त्याच कारणाने थांबवला.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. मेघबीजनाने ढग तयार होत नाही. ढग आधी असावा लागतो, त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असावे लागतात. मिठाचे कण हे थेंब गोळा करून मोठे करतात. थंड ढगात सिल्व्हर आयोडाइडभोवती बर्फाचे स्फटिक धरतात. ते जड झाले की खाली येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडी फलाटावर उभी असेल तर सिग्नल पाडून ती सोडता येते, गाडीच नसेल तर सिग्नल पाडून उपयोग काय?

पावसाळा सरल्यावर दिल्लीचे आभाळ बहुधा कोरडे असते. भूमध्य समुद्राकडून येणारे वारे, ज्यांना हवामान खाते पश्चिमी चक्रावात म्हणते, ते आले तरच हिवाळ्यात तिथे ढग आणि पाऊस येतो. आणि तसे ढग आले तर पुष्कळदा ते आपणहून बरसतात. ही अडचण कुणाला ठाऊक नव्हती असेही नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत जे उत्तर दिले, त्यात हवामान खाते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि राजधानी परिसराचा वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोग या तिघांची मते दिली होती. हिवाळ्यातल्या मेघबीजनाला त्यांपैकी कुणाचा दुजोरा नव्हता.

समजा पाऊस पडला असता, तरी काय? धूळ दोन दिवस बसली असती. गाड्यांचा धूर, कारखान्यांचा धूर, जळणारा कचरा, बांधकामाची माती ही सगळी तिसऱ्या दिवशी पुन्हा हवेत आली असती.

हा पैसा सरकारी होता, म्हणजे आपला होता. म्हणूनच खर्च किती, फेऱ्या किती, पाऊस किती, हे सगळे आपल्याला कळले. अपयशसुद्धा कळले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्याचा आधार तीच आहे.

दहा-दहा वर्षांचे काम

कृत्रिम पावसाची विद्या दिल्लीला नवी नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा, जयपूर भागांत जमिनीवरून मिठाचे कण सोडून पावसाळी ढगांवर प्रयोग केले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बारामतीच्या अवर्षणप्रवण भागात १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे एकूण अकरा पावसाळे विमानातून मीठ टाकले. कुठल्या दिवशी कुठल्या पट्ट्यावर टाकायचे हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले जाई, म्हणजे कुणाला सोयीचा दिवस निवडता येऊ नये. अकरा वर्षांच्या शेवटी सरासरी २४ टक्के वाढ दिसली. याच संस्थेने २०१८ व २०१९ साली सोलापुरात पुन्हा प्रयोग केले, २७६ ढगांचा अभ्यास केला आणि बीजन केलेल्या ठिकाणी सुमारे १८ टक्के वाढ असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध केले.

हे सर्व आकडे पावसाळी ढगांचे आहेत. ते हिवाळ्यातल्या दिल्लीला लावता येत नाहीत. मात्र या प्रयोगांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खरे संशोधन सावकाश चालते, त्याला अकरा-अकरा वर्षे पगार द्यावा लागतो, आणि उत्तर ‘नाही’ आले तरी पगार द्यावा लागतो. एवढा धीर सार्वजनिक पैशातच असू शकतो. घोषणेच्या पैशात तो नसतो. मराठवाड्यातल्या साथींनी २०१५ आणि २०१९ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून उडालेली विमाने पाहिली आहेत. दुष्काळ पडला की विमान येते. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याची कुणाला आठवण होत नाही.

मनोऱ्यांचा धडा

दिल्लीतच दुसरे उदाहरण आहे. जानेवारी २०२० मध्ये लाजपतनगरच्या बाजारात हवा शुद्ध करणारे वीस फुटी यंत्र बसले. ते तेव्हाचे खासदार गौतम गंभीर यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या पैशातून आले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर २४ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला आणि सप्टेंबरमध्ये आनंद विहारला दुसरा. एकेकावर वीस कोटींच्या आसपास खर्च झाला.

हे मनोरे चालतात की नाही, याचे दोन वर्षे मोजमाप करण्याचे काम आयआयटीकडे दिले होते. त्यामुळे खरे काय ते बाहेर आले. मनोऱ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत हवा किंचित सुधारते, पुढे काही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन प्रदूषणात मनोरा बंद असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. नंतर दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीने राष्ट्रीय हरित लवादाला कळवले की, हा व्यवहार्य उपाय नाही. पैसा फुकट गेला, पण निदान धडा तरी पदरात पडला. देणगी म्हणून बसवलेल्या यंत्राचे मोजमाप करायला लावणारे कोणी नसते. देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, फीत कापली जाते, आणि दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणून सगळे गप्प बसतात.

जगातले देणगीदार

आता दिल्लीच्या बाहेर पाहू. दिल्लीत एका शहरापुरते जे चालले आहे, ते पृथ्वीच्या पातळीवर करावे असा विचार जगात जोर धरत आहे. याला भू-अभियांत्रिकी म्हणतात. त्याच्या दोन शाखा आहेत. पहिली, हवेत आधीच गेलेला कार्बन वायू परत ओढून घेणे. दुसरी, सूर्याचे थोडे ऊन परतवून लावणे.

दुसऱ्या शाखेची कल्पना ज्वालामुखीवरून आली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखी फुटला. सुमारे दोन कोटी टन गंधकाचा वायू वरच्या हवेत, म्हणजे स्थितांबरात, गेला. त्याचे बारीक कण जगभर पसरले आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. जे ज्वालामुखीने केले ते विमानांनी करावे, असा हा विचार आहे. स्वस्त वाटतो, झटपट वाटतो. पण कण दोन-एक वर्षांत खाली येतात, म्हणून फवारणी कायम चालू ठेवावी लागेल. एकदा सुरू करून मध्येच थांबवली तर दाबून ठेवलेली उष्णता काही वर्षांत अंगावर येईल. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न मोसमी पावसाचा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासात आशिया व आफ्रिकेतला उन्हाळी मोसमी पाऊस यामुळे घटू शकतो असे दिसले. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी अजून खरिपाची पेरणी होते. मृग कोरडा गेला तर काय होते, हे आपल्याला शास्त्रज्ञाने सांगायला नको.

या संशोधनाला पैसा कुणी दिला? सरकारे बराच काळ हात राखून होती. म्हणून श्रीमंत माणसे आणि त्यांची प्रतिष्ठाने पुढे आली. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स २००७ पासून स्वतःच्या पैशातून या विषयावरच्या शास्त्रज्ञांना मदत देत आले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात सौर भू-अभियांत्रिकीचा कार्यक्रम सुरू झाला, त्याला ह्यूलेट व स्लोन या प्रतिष्ठानांनी आणि गेट्स यांनी पैसा दिला. सायमन्स फाउंडेशनने पाच वर्षांसाठी पाच कोटी डॉलर जाहीर केले. कार्बन परत ओढण्याच्या शाखेत इलॉन मस्क यांच्या प्रतिष्ठानने २०२१ मध्ये दहा कोटी डॉलरची स्पर्धा लावली.

आणि देणगीच्या मागोमाग नफा येतो, हेही पाहा. २०२२ मध्ये एका अमेरिकी कंपनीने मेक्सिकोत कुणाची परवानगी न घेता गंधकाचा वायू भरलेले फुगे सोडले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने असे प्रयोग बंद करण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये स्टारडस्ट नावाच्या कंपनीने ऊन परतवण्याचे तंत्र विकसित करण्यासाठी खासगी गुंतवणूकदारांकडून सहा कोटी डॉलर उभे केले. गुंतवणूकदार पैसा परत मागतो, व्याजासकट मागतो. ज्याचे भांडवल ऊन अडवण्यात गुंतले आहे, त्याला ऊन अडवणे बंद करा असे उद्या कोण सांगणार?

देणगी वाईट नसते

याचा अर्थ श्रीमंताचा पैसा दिसला की आपण दगड उचलावा असा नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. परळच्या टाटा हॉस्पिटलची पायरी आपल्यापैकी किती घरांनी चढली आहे! ते १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून उभे राहिले. पुढे १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था जमशेटजी टाटांच्या दानातून १९०९ मध्ये निघाली. आज त्याच संस्थेतले प्रा. गोविंदसामी बाला ऊन परतवण्याच्या उपायांचा भारतावर काय परिणाम होईल याचा संगणकावर अभ्यास करतात, आणि त्या कामाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पैसा दिला आहे.

म्हणजे देणगीने सुरुवात झाली तरी चालते. फक्त देणगी देऊन झाल्यावर देणाऱ्याने हात मागे घेतला पाहिजे आणि संस्था लोकांची झाली पाहिजे. रुग्णाला औषध कुठले द्यायचे, हे टाटा हॉस्पिटलमध्ये देणगीदार ठरवत नाही.

याच मोजमापाने आणखी दोन प्रयोग तपासू. पहिला गोव्याचा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या संस्थेबरोबर २००९ मध्ये ‘लोहाफेक्स’ नावाचा प्रयोग केला. ‘लोहा’ म्हणजे आपले लोखंडच. जानेवारीत केप टाउनहून ‘पोलारस्टर्न’ हे जहाज निघाले आणि दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या तुकड्यात लोहाचे क्षार सोडले. लोह मिळाले की समुद्रातले शेवाळ वाढते, ते कार्बन शोषते आणि मेल्यावर तळाला जाते, असा अंदाज होता. जहाज निघाल्यावर पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली. जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि मगच पुढे जाऊ दिला. शेवाळ वाढले, पण कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांनी ते खाऊन टाकले. तळाशी फारसा कार्बन गेला नाही. शास्त्रज्ञांनी हा निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवला. आमच्या मते हा उत्तम प्रयोग. कारण त्यामुळे पुढची खोटी आशा मारली गेली.

दुसरा प्रयोग हार्वर्डचा. स्वीडनमधील किरुना येथे जून २०२१ मध्ये फुगा सोडून उपकरणे तपासायची होती. कणही सोडायचे नव्हते. पण तिथल्या सामी या मूळ रहिवाशांना कुणी विचारले नव्हते. त्यांच्या परिषदेने पत्र लिहिले, प्रयोग पुढे ढकलला गेला आणि मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाने तो कायमचा सोडून दिला. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाला आणि सर्वांत श्रीमंत देणगीदारांना रेनडिअर पाळणाऱ्या लोकांनी थांबवले. संघटित आवाजात काय ताकद असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वर्गणी आणि देणगी

साथींनो, या प्रश्नाची गुरुकिल्ली आपल्याच पावतीपुस्तकात आहे. आपली संघटना वर्गणीवर चालते. वर्गणी थोडी असते, पण ती देणारा प्रत्येक सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून विचारू शकतो की, माझ्या पैशाचे काय केले? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून आपण दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे देत आलो आहोत. उद्या एखाद्या मालकाने आपल्या संघटनेला एक कोटीची देणगी दिली, तर आपण ती घेऊ का? घेणार नाही. मालक वाईट आहे म्हणून नव्हे. ती घेतल्यावर पुढच्या सभेत कोणते प्रश्न विचारले जाणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून.

संशोधनाचेही तसेच आहे. देणगीदार शास्त्रज्ञाला खोटे लिहायला सांगतो, असा आमचा आरोप नाही. तशी गरजही नसते. तो फक्त प्रश्न निवडतो. ‘ऊन कसे अडवता येईल?’ या प्रश्नाला पैसा मिळतो. ‘उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या कामाच्या वेळा कशा बदलाव्यात?’ या प्रश्नाला देणगीदार शोधून सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत रूळ तापून वाकतात म्हणून ट्रॅकमनला भर दुपारी गस्त घालावी लागते. रुळाचे तापमान मोजायला उपकरण आहे, त्याची नोंद होते. गस्त घालणाऱ्याच्या अंगाचे तापमान मोजण्याची व्यवस्था कुठे आहे?

कोणी म्हणेल, सरकार पैसा देत नाही आणि धनिकाचा पैसा तुम्हाला नको, मग संशोधन व्हायचेच नाही का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पृथ्वी तापते आहे, हे खरे आहे. उपाय शोधलेच पाहिजेत, आणि ऊन अडवण्याचे धोकेसुद्धा संशोधनाशिवाय कळणार नाहीत. इतर देश अभ्यास करत राहिले आणि आपण डोळे मिटून बसलो, तर आपल्या मोसमी पावसाचा निर्णय परके लोक आपल्याशिवाय घेतील. तेव्हा आमचे म्हणणे ‘संशोधन नको’ असे नाही. आमचे म्हणणे ‘हिशेबाशिवाय नको’ असे आहे.

आपल्या पायाखालची खडी

हा विषय दूरच्या देशांचा आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांच्यासाठी एक जवळचे उदाहरण. आपल्या रुळांखाली जी काळ्या दगडाची खडी असते, तोच बेसाल्ट सह्याद्रीचा आणि सगळ्या दख्खनचा दगड. मस्क प्रतिष्ठानच्या स्पर्धेचा निकाल एप्रिल २०२५ मध्ये लागला. पाच कोटी डॉलरचे पहिले बक्षीस ‘माटी कार्बन’ या संस्थेला मिळाले. छत्तीसगडसारख्या भागात लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांत याच काळ्या दगडाची भुकटी पसरणे, हे तिचे काम. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन वायू विरघळलेला असतो. दगडाच्या भुकटीशी त्याचा संयोग होऊन तो पाण्यातला क्षार बनतो आणि नदीवाटे समुद्रात जातो. निसर्गात हे लाखो वर्षे चालू आहे. दगड बारीक केला की ते लवकर होते. शेतकऱ्याला भुकटी फुकट मिळते, जमिनीला काही पोषक द्रव्ये मिळतात. आणि शोषलेल्या कार्बनचे प्रमाणपत्र कंपन्यांना विकले जाते.

कल्पना चांगली आहे. आम्ही तिला विरोध करत नाही. पण चार प्रश्न विचारतो. किती कार्बन शोषला गेला, हे मोजायचे कुणी? प्रमाणपत्र विकत घेणारी कंपनी आपली धुराडी तशीच चालू ठेवणार असेल तर हवेला लाभ किती? प्रमाणपत्राच्या किमतीतला किती हिस्सा शेतकऱ्याला? आणि दगड दळताना जी धूळ उडते, ती क्रशरवरच्या मजुराच्या छातीत जाणार नाही याची हमी कुणाची? हवा साफ करण्याच्या कामात एका मजुराचे फुप्फुस बाद झाले, तर तो हिशेब आपल्याला मान्य नाही.

आपण काय मागायचे?

दिल्लीत प्रदूषण वाढले की बांधकामे बंद होतात आणि बांधकाम मजुराची रोजी बुडते. बांधकाम उपकराच्या निधीतून त्याला निर्वाह भत्ता द्यावा, यासाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजधानी परिसरातल्या राज्यांना खडसवावे लागले. निधी होता, कायदा होता, तरी पैसा मजुरापर्यंत पोचत नव्हता. विमान उडवायला मात्र निधी लवकर मिळाला. म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. ठरावाचा मसुदा असा :

१. हवामान व हवेवरच्या अपारंपरिक उपायांचे संशोधन मुख्यतः सार्वजनिक निधीतून आणि सार्वजनिक संस्थांतून व्हावे. प्रयोग किती वर्षांचा आहे हे आधी ठरावे आणि मोजमाप प्रयोग करणाऱ्याऐवजी दुसऱ्या संस्थेने करावे.

२. देणगी घ्यायची असेल तर देणगीचा करार जाहीर करावा. विषय निवडण्याचा, निकाल रोखण्याचा किंवा पेटंट घेण्याचा अधिकार देणगीदाराला नसावा.

३. उघड्या हवेतल्या प्रत्येक प्रयोगाची आगाऊ सूचना स्थानिक भाषेत द्यावी. काय सोडणार, किती सोडणार, पैसा कुणाचा, हे त्यात असावे. यश येवो वा अपयश, निकाल एका वर्षाच्या आत प्रसिद्ध व्हावा.

४. अशा प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समित्यांवर उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांचा आणि शेतकऱ्यांचा प्रतिनिधी असावा.

५. हे प्रयोग मूळ उपायांची जागा घेऊ नयेत. दिल्लीला पुरेशा बसगाड्या, कचरा जाळण्याला बंदी, धुराड्यांवर नियंत्रण आणि बांधकामाच्या धुळीवर पाणी हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.

६. प्रदूषणाचा तिसरा व चौथा टप्पा लागू असताना आणि उष्णतेच्या लाटेत ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन, ग्रामीण डाक सेवक व सर्व कंत्राटी कामगारांना चांगल्या प्रतीचे मास्क, पाण्याची सोय, आळीपाळीने काम आणि वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी मिळावी. यासाठी कुणाचाही पगार कापला जाऊ नये.

सहावी मागणी शेवटी असली तरी ती आधी लढवायची आहे. तिच्यासाठी नव्या विज्ञानाची गरज नाही, आपल्या एकजुटीची आहे. पहिल्या पाच मागण्यांना वेळ लागेल. त्या आपल्या नोंदवहीत राहू द्या. ज्या दिवशी कोणी आपल्या तालुक्यावर विमान उडवील, आपल्या गावच्या शेतात भुकटी टाकील, किंवा एखाद्या थोर दात्याच्या नावाची पाटी घेऊन येईल, त्या दिवशी शाखेच्या कार्यवाहाने जाऊन एवढेच विचारायचे : पैसा कुणाचा, मोजणार कोण, आणि हिशेब आम्हाला कधी दाखवणार?

हा मसुदा आपापल्या शाखांत वाचून दाखवावा, त्यावर चर्चा करावी आणि दुरुस्त्या पुढच्या बैठकीच्या आत कळवाव्यात, ही विनंती करून आम्ही थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!